फळीला बांधलेली किल्ली

हे लिहिणं लघवीबद्दल आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना नाक मुरडायचंय त्यांनी इथूनच परत फिरावं. मी आजारी होते तेव्हा लोकांनी माझ्या आजाराला वाट्टेल ती नावं दिली. कुणी व्हायरल म्हणालं, कुणी पोटाचं इन्फेक्शन. पुण्याच्या मावशीने फोनवर सांगितलं, "अगं, उन्हाळी लागली असेल, धन्याचं पाणी पी." खरं नाव कुणी घेईना. आता बरी झाले आहे, अंगात ताकद आहे आणि डोक्यात राग आहे, तेव्हा मीच घेते.

माझी उजवी किडनी जाता जाता वाचली. ऑफिसात बायकांच्या टॉयलेटला कुलूप होतं, म्हणून.

आमची बॅटिंग

मी मध्य दिल्लीतल्या एका जुन्या सरकारी इमारतीत नोकरी करते. कुठलं खातं ते विचारू नका, तिथेच पेन्शन घ्यायची आहे. आमच्या मजल्यावर पुरुषांची टॉयलेट दोन्ही टोकांना आहेत आणि ती सताड उघडी असतात. बायकांचं एकच, तेही कुलूपबंद. का, तर कधीतरी तिथला नळ कुणीतरी काढून नेला होता आणि शिवाय "बाहरवाले आकर गंदा करते हैं." पुरुषांच्या टॉयलेटचा नळ तर दरवर्षी चोरीला जायचा. तिथे कुलूप लावायचं कुणाच्या स्वप्नातही आलं नाही.

किल्ली असायची आमचे सेक्शन ऑफिसर भाटियाजी यांच्याकडे. एकदा कुणी बाई ती चुकून पर्समधून घरी घेऊन गेली, तेव्हापासून भाटियाजींनी ती एका मोडक्या ड्रॉवरच्या फळीला सुतळीने बांधून टाकली. हातभर लांब फळी. ती त्यांच्या खुर्चीमागच्या खिळ्याला लटकलेली असायची. म्हणजे जायचं असेल तर आधी त्यांच्या टेबलाला वळसा घालायचा, मग ते खुर्ची पुढे ओढणार, मान न वळवता "अच्छा अच्छा, जाइए" म्हणणार, जशी काही रजाच मंजूर करताहेत. मग ती फळी हातात घेऊन अख्खा कॉरिडॉर चालायचा. चहाच्या टपरीपाशी पुरुषमंडळी उभी. "मैडम बैटिंग करने जा रही हैं," हा विनोद मी नोकरीला लागले तेव्हाही जुना होता. तरी रोज हसायचे मेले.

आम्ही बायकांनी यावर काय केलं? भांडलो? छे. आम्ही पाणी पिणं सोडलं. सकाळी घरून निघताना जाऊन यायचं, दुपारी जेवणानंतर एकीने फळी घ्यायची आणि तिच्यामागे सगळ्यांनी रांगेत जायचं, मग थेट घरी. मधल्या वेळात कुणी किल्ली मागितली तर बाकीच्या अशा बघायच्या की तिला शिस्तच नाही. माझ्या शेजारच्या टेबलावरची सुनीता रोहतकची, हाडापेराने मजबूत, पण किल्ली मागायची वेळ आली की हिचा आवाज बसायचा. तिने सोपा उपाय काढला होता. सोमवारी शंकराचं व्रत, मंगळवारी हनुमानाचं, गुरुवारी आणखी कुणाचं. कुणी पाणी विचारलं की, "ना जी, व्रत है." देवाच्या नावावर तहान मारायची.

माझा उपाय मात्र माझ्या मते फार हुशारीचा होता. कस्तुरबा गांधी मार्गावर आपल्या राज्याचं अतिथिगृह आहे. आमच्या ऑफिसपासून पायी जाण्यासारखं. लंचच्या सुट्टीत मी तिथल्या कँटीनला जायचे. एक साबुदाणा वडा घ्यायचा आणि तिथल्या स्वच्छ, उघड्या, बिनकिल्लीच्या टॉयलेटला जायचं. ऑफिसात सगळ्यांना वाटायचं की सावंत मॅडमना गावाकडच्या खाण्याचा भारी सोस. माझा नवरा श्रीकांतही चिडवायचा, "महाराष्ट्रावर काय प्रेम गं तुझं!" मी हसून सोडून द्यायचे. साबुदाण्याने मला जळजळ होते, आजही होते.

मग ऑफिसात हजेरीचं मशीन आलं. लंचनंतरही बोट लावायचं. पायी जाऊन, जेवून, परत येणं त्या वेळात बसेना. माझा वडा सुटला आणि त्याबरोबर बाकीचंही सुटलं, फळीमागच्या रांगेत उभं राहायचं माझ्या जिवावर यायचं. आणि वर जून महिना. दिल्लीचा जून म्हणजे काय ते इथे राहणाऱ्यालाच कळतं. घशाला कोरड पडायची, ओठ फुटायचे, आणि मी टेबलावरच्या ग्लासावर झाकण ठेवून फायली उपसत बसायचे.

यमुना ओलांडताना

सुरुवात जळजळीने झाली. मग कमरेच्या वर, उजव्या बाजूला, कुणी आतून बुक्की धरून ठेवल्यासारखं दुखायला लागलं. मी क्रोसिन घ्यायचे आणि ऑफिसला जायचे. श्रीकांतला म्हटलं, ऊन लागलंय. त्याला खरं सांगायला लाज वाटली असं नाही, खरं काय आहे ते मलाच कुठे माहीत होतं!

एका संध्याकाळी बाराखंबाला मेट्रोत चढले ती थंडी वाजतच. बाहेर लू चाललेली आणि मला हुडहुडी. दात एकमेकांवर आपटत होते. बायकांच्या डब्यात एका सरदारणीने मला धरून बसवलं, आपली चुन्नी माझ्या अंगावर टाकली आणि विचारलं, "कहाँ उतरना है, पुत्तर?" मी "गाझियाबाद" म्हटलं असावं. यमुनेचा पूल येईपर्यंतचं आठवतं. पुढचं आठवतं ते एकदम इस्पितळातलं छत आणि श्रीकांतचा चेहरा. त्या बाईने माझ्या फोनवरून त्याला बोलावून घेतलं होतं. तिचं नाव विचारायचं राहिलं. चुन्नी मात्र अजून माझ्याकडे आहे, धुऊन ठेवलीय.

डॉक्टरीणबाईंचा प्रश्न

सोनोग्राफी झाली, रक्त झालं. मग एक डॉक्टरीणबाई आल्या, माझ्याच वयाच्या, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. त्यांनी सांगितलं ते असं: लघवीतले जंतू वर चढून किडनीत गेलेत, किडनी सुजलीय, पू साचलाय, आता रक्तात पसरायच्या आत एक नळी घालून ते सगळं काढावं लागेल. श्रीकांतने विचारलं, "किडनी वाचेल ना?" त्या म्हणाल्या, "कोशिश करेंगे."

कोशिश! नोकरी, घराचे हप्ते, लेकीची, सईची नववी, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं आणि मी रडायला लागले. अगदी मोठ्याने, लहान पोरीसारखी.

डॉक्टरीणबाई थांबल्या. मग खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांनी विचारलं, "दिन में पानी कितना पीती हैं?"

"सुबह चाय के साथ. फिर घर आकर."

"बीच में?"

"बीच में ऑफिस होता है."

"ऑफिस में टॉयलेट नहीं है?"

"है," मी म्हटलं. "ताला है."

त्यांनी श्रीकांतकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी रडत रडत त्यांना ती फळी सांगितली. खिळा सांगितला, बॅटिंग सांगितली. वर्षानुवर्षं जे कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही, ते सगळं सलाइन लावलेल्या हाताने फळीची लांबी दाखवत सांगितलं. त्या ऐकून घेत होत्या आणि त्यांचा चेहरा लाल होत चालला होता. "आप पढ़ी-लिखी हैं," त्या शेवटी म्हणाल्या, "सरकारी नौकरी में हैं," आणि उठल्या. पेनाचं टोपण मात्र असं काही खटकन लावलं, की तो राग माझ्यावर नाही हे मला कळलं. मला जरा बरं वाटलं.

"कितना हुआ?"

नळी घातली. तो प्रकार कसा असतो ते इथे लिहीत नाही. ज्यांच्यावर वेळ येईल त्यांना त्यांचे डॉक्टर सांगतील, आणि ऐकायला वाटतं तेवढं भयंकर ते नसतं. ज्याने मी खरी हादरले ते वेगळंच होतं.

वॉर्डात एक मल्याळी सिस्टर होत्या. बुटक्या, चपळ, आवाज मात्र पोलिसाचा. सकाळी ड्यूटीवर आल्या की दारातूनच हाक मारायच्या, "सावंत! यूरिन कितना हुआ?" भर वॉर्डात! आजूबाजूला सगळ्या खाटांवर माणसं, त्यांचे नातेवाईक, चहावाला. पहिल्या दिवशी मी पांघरुणात तोंड लपवलं. सिस्टरनी ते खस्सकन ओढलं. "शरमाने का टाइम नहीं है मेरे पास. कितना हुआ?"

मी सांगितलं. त्यांना ते कमी वाटलं, म्हणून मला रागावल्या आणि पाण्याचा जग हातात दिला. दुसऱ्या दिवशी जास्त झालं, तर काय खूश झाल्या! "वेरी गुड, सावंत, वेरी गुड!" शेजारच्या खाटेवरच्या आजींनीही मान डोलावली, "अच्छा है बेटा, खूब आने दो." मला हसू आवरेना. ज्या गोष्टीसाठी ऑफिसात मान खाली घालून चोरासारखं जावं लागायचं, त्याच गोष्टीसाठी इथे माझं कौतुक होत होतं. हसता हसता पुन्हा रडूही आलं, कारण उजवी बाजू जाम दुखत होती.

ताप मात्र लवकर हटेना. संध्याकाळ झाली की परत थंडी. अशा वेळी मी देवाशी सौदा करायचे, की ही एक किडनी राहू दे, मी कुणाचं काही वाईट करणार नाही. मग स्वतःचाच राग यायचा. अरे, मी कुणाचं काय वाईट केलं होतं? तहान लागली तर पाणी प्यायचं, एवढंच हवं होतं. त्यासाठी देवाकडे काय भीक मागायची?

शेवटी ताप उतरला. किडनी वाचली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "इस बार बच गई. दोबारा हुआ तो मैं कोई वादा नहीं करूँगी. भरपूर पानी, और कभी रोकना नहीं. कभी नहीं."

घरातलं भांडण

घरी आले तेव्हा श्रीकांत पुण्याला फोनवर सांगत होता, "हो हो, आता बरी आहे. पोटाचं इन्फेक्शन होतं."

मी त्याच्या हातातून फोन घेतला. "मावशी, पोटाचं नाही. लघवीचं. किडनीपर्यंत गेलं होतं." मावशी हळूच म्हणाली, "अगं, मलाही होतं मधून मधून. कुणाला सांगणार?" आम्ही तासभर बोललो. इतक्या वर्षांत मावशीशी मी एवढं मनमोकळं कधी बोलले नव्हते.

श्रीकांत चिडला होता. मी फोन हिसकावला म्हणून नाही. "मला का नाही सांगितलंस? मी काय परका आहे?" तो म्हणाला. "मी तुला वड्यावरून चिडवत राहिलो आणि तू..." स्वयंपाकघरात जाऊन त्याने भांडी आपटली. कुकर लावला, शिट्ट्या झाल्या, वरण करपलं. मग बाहेर येऊन शांतपणे म्हणाला, "नोकरी सोड. भागेल आपलं. डॉक्टर काय म्हणाल्या ऐकलंस ना? त्या ऑफिसात परत जाऊन तू किडनी घालवणार आहेस का?"

खोटं कशाला सांगू, मलाही क्षणभर तेच पटलं. मी काही म्हणणार, इतक्यात सई शाळेतून आली. दप्तर टाकलं, पाण्याची बाटली काढली आणि घटाघटा प्यायला लागली. बाटली काठोकाठ भरलेली होती.

"शाळेत नाही प्यायलीस?"

"नाही यार, आई. तिथलं टॉयलेट इतकं गंदा असतं ना. कोण जाणार? आम्ही कोणीच नाही पीत. बस, घरी येऊन."

श्रीकांतने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. माझ्या डोक्यात तिडीक गेली. ही पोर चौदा वर्षांची, आणि हिचं टाइमटेबल हुबेहूब माझं.

"नोकरी नाही सोडणार," मी म्हटलं. "कुलूप सुटेल नाहीतर बघून घेईन. आणि सई, उद्या मी तुझ्या शाळेत येतेय."

"आई, प्लीज, नको ना! सगळे हसतील!"

"हसू देत."

गेले. तो किस्सा मोठा आहे. तिथल्या मुख्याध्यापिकाबाई समजूतदार निघाल्या आणि आता तिथे धुणारी बाई दिवसभर असते, एवढं सांगते. सई माझ्याशी आठवडाभर बोलली नाही. बाटली मात्र रिकामी यायला लागली.

श्रीकांत करोल बागेत गाडीचा कुठलासा पार्ट आणायला गेला होता, तो येताना माझ्यासाठी एक बाटली घेऊन आला. भडक निळी, कळशीएवढी. "घे," तो म्हणाला. "ही लपवता येणार नाही."

खिळा आणि फळी

ऑफिसला परत गेले तेव्हा भाटियाजींनी स्वतः उठून स्वागत केलं. वाईट माणूस नाही तो. चहा मागवला, तब्येत विचारली. मग इकडे तिकडे बघून ड्रॉवरमधून एक चकचकीत नवी किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली. फळी नाही, सुतळी नाही, नुसती किल्ली.

"डुप्लिकेट बनवा दी आपके लिए," ते हळू आवाजात म्हणाले. "सिर्फ आपके लिए. बाकी लेडीज़ को मत बताइएगा, नहीं तो सब माँगेंगी."

किल्ली छोटीशी होती, मुठीत मावणारी. मला माझी किडनी वाचवायला तेवढी पुरली असती. मी वळून बघितलं. सुनीता कोरड्या ओठांनी फाइल चाळत होती. तिच्या ग्लासावर झाकण होतं. त्या दिवशी बुधवार होता, कुठल्याच देवाचा वार तिच्याकडे उरला नव्हता, तरी झाकण होतं.

मी किल्ली टेबलावर ठेवली. "सर, मुझे चाबी नहीं चाहिए. ताला हटवाइए."

"मैडम, वो तो नियम है."

"कौन सा नियम? दिखाइए. किसने बनाया?"

तसा नियम कुठे नव्हताच. उलट बायकांना वापरता येईल असं टॉयलेट द्यायचं, हा नियम होता. मी इस्पितळात पडल्या पडल्या फोनवर वाचून काढला होता, तोही सांगितला. मोठ्याने. पोलिसी आवाज मी सिस्टरकडून शिकले होते. "मेरी किडनी में पस हो गया था, सर. पेशाब रोकने से." पेशाब हा शब्द त्या खोलीत पहिल्यांदाच उच्चारला गेला असावा. टाइपिंग थांबलं. मागे कुणाचा तरी चमचा बशीत पडला.

"धीरे बोलिए मैडम," भाटियाजी म्हणाले. "ऊपर बात करूँगा. थोड़ा टाइम दीजिए."

टाइम माझ्याकडे नव्हता. मी त्यांच्या टेबलाला वळसा घातला, खिळ्यावरची फळी उचलली आणि कॉरिडॉरमधून निघाले. टपरीपाशी नेहमीचे हिरो उभे होतेच. एकाने तोंड उघडलं, "मैडम, बैटिंग..." मी त्याच्यासमोर उभी राहिले, फळी खांद्यावर घेऊन, आणि त्याच्याकडे बघत राहिले. तो चहात बघायला लागला.

टॉयलेट उघडलं. गेले. निवांत गेले. मग बाहेर येऊन कडीतून कुलूप काढलं, पर्समध्ये टाकलं, आणि फळी किल्लीसकट परत खिळ्याला नेऊन लटकवली. जागच्या जागी, सुतळी नीट करून. भाटियाजींनी समाधानाने मान हलवली.

त्यांना कळलं चार वाजता, कुणीतरी येऊन सांगितल्यावर. ते माझ्या टेबलापाशी आले. "सावंत मैडम, ताला कहाँ है?"

"मेरे पर्स में."

"वो सरकारी संपत्ति है."

"जी. लिखकर माँग लीजिए. लिखिए कि लेडीज़ टॉयलेट का ताला वापस चाहिए. नीचे साइन कर दीजिए. मैं भी जवाब में अस्पताल के काग़ज़ लगा दूँगी."

त्यांनी खरंच पेन काढलं. सगळा सेक्शन बघत होता. पेन कागदावर थोडा वेळ तसंच राहिलं, मग त्यांनी ते खिशाला लावलं आणि जागेवर जाऊन बसले. त्यांच्या डोक्यामागे फळी लटकत होती.

मी निळी बाटली उचलली. तेवढ्यात शेजारून खणकन आवाज आला. सुनीताने ग्लासावरचं झाकण काढून टेबलावर टाकलं होतं. तिने एका दमात पाणी संपवलं, पदराने तोंड पुसलं आणि रिकामा ग्लास माझ्यापुढे धरला.

"और डाल," ती म्हणाली.